सदरहू विलंब हेतुपुरस्सर नसून

कथा, कादंबरी, नाटक, ललित असे मराठी गद्याचे प्रकार शाळेपासून पाठ करून घेतले जातात. पण जो प्रकार रोज लिहिला जातो, ज्याला हमखास वाचक मिळतो आणि तो वाचक कंटाळला तरी उठून जाऊ शकत नाही, त्याची नोंद एकाही वाङ्मयेतिहासात नाही. हा प्रकार म्हणजे विलंब माफीचा अर्ज. बाररूममध्ये त्याला नुसतं ‘कंडोन’ म्हणतात. धाराशिवच्या कोर्टाबाहेर काय, कळंब-उमरग्याला काय, टायपिंगच्या टपरीवर जाऊन ‘अपिलाला उशीर झालाय’ म्हणा. टायपिस्ट तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. ‘दिवस किती?’ एवढं विचारतो आणि पुढची दोन पानं तुमच्या मदतीशिवाय बडवून काढतो. तुमच्यावर काय गुदरलं हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

मूळ मामला साधा आहे. खालच्या कोर्टात शिक्षा झाली की वर अपील करायचं. सेशन कोर्टात करायचं तर ३० दिवस, हायकोर्टात करायचं तर ६० दिवस. आरोपी सुटला आणि सरकारला ते मान्य नसेल, तर सरकारला ९० दिवस. मुदत उलटली तर समोरचा गप्प बसला तरी कोर्टानं स्वतःहून अपील फेटाळायचं, असं १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचं कलम ३ सांगतं. मग कलम ५ येतं आणि म्हणतं की ‘पुरेसं कारण’ दाखवलं तर उशीर माफ. आता पुरेसं म्हणजे किती, हे मात्र कायदा करणाऱ्यांनी लिहिलं नाही. त्यांनी सोडलेल्या त्या रिकाम्या जागेत गेली साठ वर्षं ही सगळी ग्रंथसंपदा उभी राहिली आहे.

या वाङ्मयाचा नायक ठरलेला असतो. तो अडाणी असतो. ‘अर्जदार हा ग्रामीण भागातील, अशिक्षित व गरीब शेतकरी असून त्यास कायद्याचे ज्ञान नाही,’ हे पहिलं वाक्य. नायक निवृत्त मुख्याध्यापक असला, त्याच्या हाताखालून निम्मी पंचायत समिती शिकून गेलेली असली, तरी तो अर्जापुरता अशिक्षित होतो. खाली सही मात्र झोकदार, दोन टिंबं आणि एक फराटा देऊन. अंगठा उठवण्याइतकं अडाणीपण कुणी मनावर घेत नाही.

दुसऱ्या परिच्छेदात नायक आजारी पडतो. मुदत संपायला दोन-तीन दिवस उरले की त्याला कणकण येते, हा या प्रकाराचा नियमच आहे. निकालानंतरचे पहिले पंचवीस दिवस तो ठणठणीत असतो; त्या दिवसांबद्दल कोर्ट विचारत नाही, म्हणून त्यांत आजारी पडून उपयोगही नसतो. आजारांचा भाव दिवसांवर ठरतो. आठवडाभरासाठी ताप-सर्दी. पंधरा-वीस दिवसांना टायफॉइड. महिना-दोन महिन्यांना कावीळ. हिच्याइतकी सेवा कुठल्याच रोगानं मराठवाड्यातल्या न्यायव्यवस्थेची केलेली नाही. गावठी औषध चालतं, त्यामुळे दवाखान्याची बिलं मागितली जात नाहीत, आणि डॉक्टरनं सक्त विश्रांती सांगितली यावर कुणाचा आक्षेप नसतो. सहा महिन्यांच्या पुढं मणका लागतो. ‘मणक्यात गॅप’ हा अलीकडचा मोठा शोध. गॅप किती ते बाहेरून दिसत नाही. वर्ष उलटून गेलं असेल तर नायकाच्या एकट्याच्या आजारात ते भागत नाही. मग आईला अर्धांगवायू होतो, आणि ‘अर्जदाराशिवाय तिची देखभाल करणारे घरात अन्य कोणी नाही’ असं लिहावं लागतं. शेजारी तीन भाऊ राहतात. ते त्या वर्षापुरते अर्जातून वगळले जातात.

दिवाणी दाव्यात हे लेखन तुलनेनं सोपं पडतं. ‘निकालाची माहितीच नव्हती’ म्हणता येतं, ‘नक्कल उशिरा मिळाली’ म्हणता येतं. नकलेला लागलेले दिवस कलम १२ प्रमाणं तसेही वजा होतात. फौजदारीत लेखकाचा कस लागतो. कारण निकाल सांगितला तेव्हा नायक पिंजऱ्यात उभा होता. न्यायाधीशांनी त्यालाच विचारलं होतं की शिक्षेबद्दल तुला काही म्हणायचं आहे का, आणि तो ‘पोरंबाळं लहान आहेत’ असं म्हणालाही होता. कैदेची शिक्षा झाली की निकालाची प्रत तिथंच फुकट हातात देतात. एवढं सगळं झाल्यावरही ‘दि. अमुक रोजी पोलीस वॉरंट घेऊन घरी आल्यावर अर्जदारास निकालाचे गांभीर्य कळून आले’ हे वाक्य लिहिणाऱ्या माणसाला दाद द्यायला पाहिजे. ‘निकाल’ कळला म्हटलं तर खोटं ठरलं असतं, म्हणून ‘गांभीर्य’.

पूर्वी कोर्टं म्हणायची, उशिराच्या प्रत्येक दिवसाचा खुलासा द्या. आता शंभर दिवस उशीर झालेल्या माणसानं चौसष्टाव्या दिवशी काय केलं ते कुठून आणायचं? चांगली, सालस, निर्व्यसनी माणसं घ्या; त्यांनाही गेल्या मंगळवारी काय केलं ते सांगता येत नाही. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टानंच हा धागा पकडला. काश्मिरातल्या अनंतनागच्या भूसंपादन कलेक्टरचं प्रकरण होतं, कातिजी नावाच्या बाईंविरुद्धचं. कोर्ट म्हणालं, रोजचा हिशेब मागायचा तर मग तासाचा आणि सेकंदाचा का नाही? जरा शहाणपणानं, समजुतीनं घ्या. हा निवाडा तेव्हापासून देशातल्या यच्चयावत कंडोनच्या अर्जांत बसलेला आहे. तो वर्षानुवर्षं जोडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्यातला उशीर किती होता हे बघितलं असेल. चार दिवस होता. आणि उशीर करणारी कातिजी नव्हती, सरकार होतं.

धाराशिवकरांकडे आजाराखेरीज एक भक्कम कारण पूर्वापार होतं, ते म्हणजे अंतर. निजामाच्या राज्यात आणि त्यानंतरही १९५६ पर्यंत इथल्या माणसाचं हायकोर्ट हैदराबादला होतं. राज्यांची फेररचना झाली आणि ते मुंबईला गेलं. कुर्डुवाडीला जाऊन रेल्वे पकडायची, मुंबईत ओळखीचा माणूस शोधायचा, त्याच्याकडून वकील शोधायचा, एवढ्यात साठ दिवस जात असतील तर ते दिवस मोजणाऱ्यालाच लाज वाटावी. २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला खंडपीठ सुरू झालं. मराठवाड्यानं भांडून मिळवलेलं ते, आणि मिळालं हे फार चांगलं झालं; पण अंतराच्या कारणाची त्या दिवशी निम्मी ताकद गेली. तरीही धाराशिवहून येडशी, चौसाळा, मांजरसुंबा, बीड, गेवराई, पाचोड करत अडीचशे किलोमीटरच्या आसपास होतातच, आणि उमरग्याच्या माणसाला तीनशेच्या पुढं. शेजारच्या सोलापूरला ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच मिळालं. तुळजापूरच्या माणसाला सोलापूर तासाभरावर, पण सोलापूरचं अपील कोल्हापूरला जाणार आणि याचं औरंगाबादला. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं, शहरांची नावं बदलली. टायपिस्ट अजून ‘जि. उस्मानाबाद (हल्ली धाराशिव)’ असं दोन्ही लिहून ठेवतो. नावाच्या चुकीनं ऑब्जेक्शन निघालं तर आणखी पंधरा दिवस जातात, आणि त्या पंधरा दिवसांसाठी आजार कुठला द्यायचा?

ई-फायलिंग आल्यावर अंतराचं कारण संपलं असं वाटलं होतं. त्याची जागा ‘सर्व्हर डाऊन’नं घेतली. रोगाला सर्टिफिकेट तरी लागतं. सर्व्हर काल बंद होता की नव्हता हे विचारायला कुणाच्या घरी जायचं?

या वाङ्मयाच्या इतिहासात एकदाच दुष्काळ पडला. करोनात सुप्रीम कोर्टानं आपण होऊन सांगून टाकलं की १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीत धरायचाच नाही. जवळपास दोन वर्षं सगळ्या देशाचा उशीर एका फटक्यात माफ. कुणी अर्ज करायला नको, कुणी आजारी पडायला नको. गंमत अशी की ज्या दोन वर्षांत माणसं खरोखर आजारी होती, त्याच दोन वर्षांत आजाराचा एकही परिच्छेद लिहावा लागला नाही.

एवढं सगळं अडाणी, गरीब, कावीळग्रस्त अर्जदाराबद्दल झालं. पण या प्रांतातला सर्वांत मोठा लेखक सरकार आहे आणि त्याच्या शैलीला तोड नाही. सरकारला कावीळ होत नाही. सरकारची फाईल फिरते. आरोपी सुटला की सरकारी वकिलाचं मत तयार होतं, ते कलेक्टर कचेरीत जातं, तिथून विधी व न्याय खात्याकडं, तिथं टिपणी होते, शंका निघते, शंका खाली येते, खुलासा वर जातो. मग अर्ज येतो: ‘दि. ४ रोजी प्रस्ताव प्राप्त झाला. दि. १९ रोजी सदर प्रस्ताव सक्षम अधिकाऱ्यांसमोर ठेवण्यात आला. दरम्यान संबंधित अधिकारी रजेवर होते. दि. ३० रोजी त्रुटी आढळून आली.’ यात कर्ता नाही हे वाचताना लक्षात येतं. प्रस्ताव आपण होऊन येतो, आपण होऊन ठेवला जातो, त्रुटी आपण होऊन आढळते. कुणी काही केलेलंच नाही, तर उशीर तरी कुणी केला असणार?

२०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा उशीर माफ करायला नकार दिला आणि बजावलं की आधुनिक तंत्रज्ञानाच्या जमान्यात लाल फितीचं कारण चालणार नाही. पत्रं वेळेवर पोचवणं हाच ज्यांचा धंदा, त्यांचा हा उशीर. २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकार ६६३ दिवस उशिरा आलं, कारण कागदपत्रं जमवण्यात वेळ गेला. न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या खंडपीठानं २५ हजारांचा दंड ठोठावला, तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करा म्हणून सांगितलं आणि एक मर्माची गोष्ट लिहिली: ही ‘सर्टिफिकेट केस’ आहे. सरकारला अपील जिंकायचंच नसतं. सुप्रीम कोर्टानं फेटाळलं असा कागद मिळाला की फाईल बंद करता येते आणि कुणावर बालंट येत नाही. २०२४ मध्ये पुण्याच्या एका मिळकतीच्या वादात केंद्र सरकारचा उशीर होता १२ वर्षं १५८ दिवस. तोही नाकारला गेला. बारा वर्षं म्हणजे एक तप. एवढ्या तपश्चर्येत ऋषींनाही वर मिळत असे. आणि वरचे १५८ दिवस मोजून सांगण्याचा प्रामाणिकपणा मला विशेष आवडला.

आता खरं कारण असलेल्या माणसाचं काय होतं ते सांगतो. वाशी तालुक्यातला गडी; बांधावरच्या मारामारीत सहा महिन्यांची शिक्षा लागलेला. निकाल दसऱ्याच्या सुमारास, अपील करीपर्यंत महिन्याचा जामीन. दिवाळी झाली आणि नवरा-बायकोचा कोयता टोळीबरोबर कर्नाटकातल्या कारखान्यावर ऊस तोडायला गेला. टोळी परत आली ती चैत्रात, येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेला. यात्रा झाली आणि घरी वॉरंट. वकीलसाहेबांपुढं तो बसला तेव्हा त्याच्याकडं कारण होतं, तेही खरं, गावाला माहीत असलेलं.

‘बापू, मध्ये येऊन एक सही करून जायला काय झालं होतं?’

‘उचल घेतल्याली की ओ. फडातून निघालो तर मुकादम सोडतोय व्हय? आधी पैसे ठिव म्हनतोय.’

‘मग मुकादमाचं पत्र आणा. हा माझ्या टोळीत होता म्हणून.’

‘आनलं असतं. त्यो म्हनतोय, कोर्टाच्या कागदावर माजं नाव घालू नगा.’

‘अन् उचल एवढी निकडीनं कशाला घेतली होती?’

‘तुमच्या फीला.’

वकीलसाहेब थोडा वेळ पंख्याकडं बघत राहिले. मग टायपिस्टला म्हणाले, ‘कावीळ लिही.’

‘मला कावीळ झालीच न्हाई ओ सायेब.’

‘बापू, ऊस तोडला म्हणून लिहिलं तर समोरचा वकील उठून म्हणेल, म्हणजे धडधाकट होता. हात-पाय चालत होते तर अपील करायला काय धाड भरली होती? पाच महिने अंथरुणावर पडला होतास म्हटलं तर कुणी काही बोलत नाही.’

वकीलसाहेबांना सोयिस्करपणे खलनायक करता येईल, पण त्यांचं व्यवहारज्ञान खोटं नव्हतं. कागदावर आजारी पडलेला माणूस निर्दोष असतो आणि राबणारा माणूस निष्काळजी. पैसे नव्हते, मुकादम सोडत नव्हता, निकाल ऐकून हबकलो आणि त्याचा विषय काढायला तोंड होईना, ही आपल्याकडं उशिराची खरी आणि नेहमीची कारणं आहेत. त्यांना डॉक्टरची सही मिळत नाही. म्हणून पाच महिने उन्हातान्हात मोळ्या वाहिलेला माणूस शपथेवर सांगतो की मी खाटेवर होतो, आणि सगळ्यांना तेच रीतसर वाटतं.

तुरुंगातल्याचं थोडं बरं असतं. कैद्याला तुरुंग अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवता येतं. वकील नव्हता, पैसा नव्हता एवढं लिहिलं तरी हायकोर्ट सहसा ऐकून घेतं, विधी सेवेचा वकील देतं. दाराला बाहेरून कुलूप आहे हे सिद्ध करावं लागत नाही.

समोरच्या बाजूलाही आपलं वाङ्मय आहे. त्याला ‘से’ म्हणतात. ‘अर्जातील कलम १ चा मजकूर खोटा, लबाडीचा व नाकबूल. कलम २ चा मजकूर खोटा, लबाडीचा व नाकबूल.’ कलम २ मध्ये कधीकधी अर्जदाराचं नाव आणि गाव एवढंच असतं, तरी तेही नाकबूल. पूर्वी इथंच से संपायचा. आता मोबाइल आले. आपल्या बापूच्या प्रकरणात मूळ फिर्यादीनं सेबरोबर एक रंगीत फोटो जोडला: येरमाळ्याला चुन्याच्या रानात हजारोंच्या गर्दीत वाकून चुनखडीचे खडे वेचणारा बापू, हसरा, रापलेला, डोक्यावर नवी टोपी. फोटो बापूच्या पुतण्यानंच स्टेटसला ठेवला होता. कावीळवाल्यानं अमुक एवढं वाकावं की वाकू नये यावर दोन्ही वकिलांचा मोठा युक्तिवाद झाला. आमच्या वकीलसाहेबांनी शेवटी सांगितलं की कावीळ उतरल्याबद्दलचा नवस फेडायला अर्जदार तिथं गेला होता. माझ्या मते हे त्या वर्षातलं तालुक्यातलं सर्वांत चांगलं काल्पनिक लेखन.

ऊसतोड लिहिली असती तर तो फोटोच पुरावा झाला असता. रापलेल्या माणसाकडं बघूनच कळतं की हा पाच महिने सावलीत नव्हता.

हा सगळा खटाटोप १५० दिवसांच्या आसपासच्या उशिरासाठी. त्याच्या माफीच्या अर्जाला लागलेला वेळ वेगळा. नोटीस निघायला एक तारीख, बजावून यायला दोन. से दाखल करायला मुदत, ती वाढवून. एकदा साहेब ट्रेनिंगला, एकदा वकिलांचा बहिष्कार, मग सुट्टी. शिक्षेला तेवढ्यापुरती स्थगिती मिळाली होती म्हणून बापू बाहेर होता. तो मधल्या हंगामात आणखी एकदा ऊस तोडून आला, आणि प्रत्येक तारखेला वकीलसाहेबांनी त्याच्या गैरहजेरी माफीचा अर्ज दिला, ज्यात तो आजारी होता. दीड वर्षानं अर्जाचा निकाल लागला. पाच महिन्यांचा उशीर माफ करायचा की नाही हे ठरवायला अठरा महिने, आणि या अठरांसाठी कुठलं कलम आहे ते मी बरंच शोधलं.

न्यायाधीशांनी कावीळ मानली नाही आणि फोटोही फारसा मनावर घेतला नाही. माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, शिक्षेविरुद्धचं अपील नुसत्या तारखेवर मारू नये, गुणवत्तेवर ऐकावं, एवढं म्हणून त्यांनी उशीर माफ केला. म्हणजे कारण काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं, कदाचित खरंही. अट एकच: ५०० रुपये खर्च विधी सेवा प्राधिकरणाकडं चौदा दिवसांत भरायचा.

बापू सोळाव्या दिवशी पैसे घेऊन आला. खिडकीवर कारकून म्हणाला, मुदत संपली. कोर्टाचा हुकूम आणा. बापू तसाच रस्ता ओलांडून टपरीवर गेला. टायपिस्टनं मान न उचलता विचारलं.

‘कंडोन? दिवस किती?’

‘दोन.’

‘दोनच?’ त्याची बोटं जरा थांबली. ‘मग पडसं पुरे.’